मिसळलेल्या कांड्या

११ फेब्रुवारी

आज युनियनच्या ऑफिसात माझं टेबल लागलं. कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये जेवढी जागा उरली होती तेवढीच माझी जागा. टेबलाचा एक पाय डगमगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पण त्यावर कॉम्प्युटर आहे आणि तो माझ्या ताब्यात आहे.

काम काय, ते इथे नीट लिहून ठेवते. गिरणीतल्या धुळीनं आणि रंगाच्या वाफांनी कामगारांच्या छात्या गेल्या की नाही, हे ठरवायला चौकशी समिती बसली आहे. सुनावणी एप्रिलमध्ये. समितीनं मान्य केलं तर औषधपाण्याचा खर्च कंपनीवर पडेल. ज्यांना जिना चढवत नाही, ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या तोंडी जबान्या रेकॉर्ड करून आणल्या तरी चालतील असं समितीनं कळवलं आहे. म्हणजे मी घरोघर जायचं, माणसाला बोलतं करायचं, आणि त्याचा आवाज जसाच्या तसा समितीपुढे न्यायचा.

बाबा रंगखात्यात होते. दम लागतो म्हणून वेळेआधीच घरी बसले. माझी पहिली जबानी त्यांचीच असणार.

सेक्रेटरी काका आणि बाबा एकाच दिवशी गिरणीत लागले होते. माझा निकाल लागला तेव्हा काकांनी गेटवरच्या सभेत माझं नाव घेतलं होतं. आज म्हणाले, "बाळ, आम्ही नुसते ओरडत आलो. तू पुरावा गोळा कर." मला रडूच येणार होतं.

घरी दादानं विचारलं, "काय ग्रॅज्युएट बाई, पगार किती?"

"पगार नाही, मानधन."

"म्हणजे मान तुला आणि धन त्यांना."

आई हसली. बाबाही हसले, मग त्यांना ठसका लागला. दादाला स्वतःला वर्षभर काम नाही, म्हणून त्याच्या जिभेला धार आली आहे. मी मनावर घेतलं नाही.

१५ फेब्रुवारी

रेकॉर्डर कॉलेजच्या मॅडमनी उसना दिला आहे. एवढासा आहे, दोन-तीन माणसं बोलली की भरतो. म्हणून माझी पद्धत ठरली: ऑफिसात यायचं, जबान्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, रेकॉर्डर रिकामा करायचा, पुढच्या घरी जायचं.

मी काकांना म्हटलं की एक जादा डिस्क आणून सगळ्याची प्रत घरी ठेवते. ते म्हणाले, "नको. माणसं आपल्यावर विश्वासून बोलतात. त्यांचा आवाज या खोलीच्या बाहेर जाता कामा नये." मला हे सुचायला हवं होतं. शिकून आपल्याला तंत्र कळतं, तत्त्व मात्र अशा माणसांकडून शिकावं लागतं.

१९ फेब्रुवारी

आज निळे मामा. नीळ कालवून कालवून त्यांची नखं कायमची निळी झाली, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. "मेल्यावर ओळख पटवायला कुणाला बोलवायला नको," म्हणाले, "हात बघितला की झालं." दोन शब्द बोलायचे, मग उशीला टेकून श्वास गोळा करायचा, मग पुढचे दोन.

त्यांनी सांगितलं की रंगखात्यातली वाफ ओढून घेणारे पंखे बंद पडले आणि कुणी दुरुस्त केले नाहीत. वर कागद मात्र तयार झाला की पंखे चालू आहेत. "आणि त्या कागदावर कामगारांच्या बाजूनं सही कुणाची? जा, विचार तुझ्या काकाला."

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पुरे आता. पोरगी त्यांच्याच ऑफिसातली आहे."

"म्हणून तर सांगतोय," मामा म्हणाले.

वाईट वाटलं. आजारानं माणूस कडवट होतो आणि जवळच्याच माणसावर आळ घेतो. मी तो भाग कापणार नाही, कारण कापायचं नाही असं मीच ठरवलं आहे. पण संघटनेत लपवाछपवी नको, म्हणून संध्याकाळी काकांना सगळं सांगून टाकलं. ते मोठ्यानं हसले. "म्हाताऱ्याचा माझ्यावर जुना राग आहे गं." मग विचारलं, "रंगखात्यातलं आणखी कुणी असं बोललं?"

मी म्हटलं, पंख्यांचं सगळेच बोलतात, सहीचं अजून एक-दोघं. बाबा सहीचं काही बोलले नाहीत, पंख्यांचं मात्र खणखणीत बोलले.

"बरं. मग असं कर, रंगखात्याचं फोल्डर वेगळं ठेव. सूतखातं वेगळं, मागखातं वेगळं. सरमिसळ नको."

मला त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं.

२४ फेब्रुवारी

कॉम्प्युटर आता अगदी रडकुंडीला आला आहे. दोन जबान्या एकदम उघडल्या की पडदा गोठतो, माऊसचा बाण जागच्या जागी मरतो. आतली मेमरी फारच कमी आहे. बाजूचं झाकण काढून पाहिलं. मेमरीची एकच कांडी बसवलेली आहे आणि शेजारचा खण रिकामा आहे. धूळ इतकी की आधी ब्रश मागवावा लागला.

दुकानात तशीच कांडी मिळाली नाही. मिळाली ती त्याच जातीची, पण दुसऱ्या कंपनीची, दुप्पट मोठी आणि जास्त वेगाची. दुकानदार म्हणाला, "मिसळून चालते. कधी कधी कुरबूर करते. चालली तर चालली." मी घेतली.

२५ फेब्रुवारी

बसवली! आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज कांडीत उतरू नये म्हणून. जुन्या कांडीची सोनेरी दातरी खोडरबरानं हलकेच घासली. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबलं आणि बाजूच्या खिट्ट्या टक टक करून बसल्या. बटण दाबलं तर नुसती शिट्टी, पडदा काळा. ऑफिसातले सगळे जमले. "गेलं का युनियनचं डबडं?" कुणीतरी म्हणालंच. पुन्हा काढली, पुन्हा दाबली, आणि सुरू झालं. आता चार जबान्या एकदम उघडतात.

वेगाचं एक गमतीचं आहे. दोन वेगवेगळ्या गतीच्या कांड्या शेजारी बसवल्या की वेगवान कांडी आपली गती सोडून हळूच्या चालीनं चालते. मला वाटलं, संघटना आणखी काय असते? काकांना हे सांगितलं तर त्यांना फार आवडलं. पुढच्या भाषणात घेतो म्हणाले. त्यांनी मग बारकाईनं विचारलंही, "आणि नाही जुळल्या तर?" मी सांगितलं, तर मशीन अडकतं, बंद पडतं, क्वचित साठवलेलं बिघडतंही.

"म्हणजे आतलं बिघडू शकतं. कुणी काही न करता."

"हो. पण क्वचित."

"क्वचित," ते म्हणाले. या वयातही त्यांना शिकायची केवढी हौस आहे!

घरी कांडी हा शब्द ऐकून बाबा जरा खुलले. मागावरही कांडीच असते, आडव्या सुताची. "दोन नंबरांच्या, जाड-बारीक सुताच्या कांड्या मिसळल्या की कापडात पट्टा पडायचा," ते म्हणाले. "या काठापासून त्या काठापर्यंत. लपायचा नाही."

९ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. सकाळी घरं, दुपारी ऑफिस. रंगखातं संपत आलं. मशीन एकदाही अडकलेलं नाही.

निळे मामा गेले. मी परवाच त्यांच्या दारावरून गेले होते, पण घाई होती म्हणून आत डोकावले नाही. मामींना भेटायला गेले तर त्या म्हणाल्या, "त्यांचा आवाज तुझ्याकडे आहे ना?" मी म्हटलं, आहे. "ऐकवू नकोस. फक्त ठेव."

१३ मार्च

आनंदाची बातमी. दादाला गिरणीत काम लागलं, माल पाठवायच्या खात्यात. काकांनी शब्द टाकला. आईनं काकांना दारातच वाकून नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, हे घर माझंच आहे." सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. दादानं कंपनीचा शर्ट घालून आरशासमोर तीन वेळा भांग पाडला.

बाबांनी मात्र काकांना एवढंच विचारलं, "असं अचानक कसं काय?"

"अचानक कसलं? तुझा मुलगा, माझा मुलगा."

बाबांना उपकार घ्यायला जड जातं. जुन्या माणसांचा स्वाभिमान असतो तो.

उद्या दादाचा पहिला दिवस. काका म्हणाले, "तूही सुट्टी घे. आईबरोबर राहा. माझे जावई ऑफिसात येणार आहेतच, तुझं मशीन जरा साफ करून ठेवतील." जावई गिरणीच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतात. फुकट येतायत, म्हणून मी त्यांच्यासाठी चिठ्ठीत सगळं लिहून ठेवलं: कुठलं फोल्डर कुठे आहे, कुठली कांडी नवी आहे.

१७ मार्च

रंगखात्याच्या जबान्या उघडत नाहीत. एकही उघडत नाही. फाइल खराब आहे, एवढंच पडद्यावर येतं. निळे मामा नाहीत. बाबा नाहीत.

१८ मार्च

दिवसभर धडपडले. कांड्या काढल्या, घासल्या, खण बदलले. सूतखातं उघडतं. मागखातं उघडतं. माझे कॉलेजचे फोटोसुद्धा उघडतात. रंगखातं तेवढं नाही. ते सगळ्यात शेवटी उतरवलं म्हणून असेल असं वाटलं होतं, पण बाबांची जबानी तर सगळ्यात पहिली.

जावई आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे पाहिलं न पाहिलं, आणि म्हणाले, "मेमरी मिसळलीत ना? मग असंच होतं." काका डोक्याला हात लावून बसले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तुझा हेतू चांगला होता, बाळ."

रेकॉर्डर रिकामा आहे. तो मीच रिकामा केला.

२१ मार्च

सभा झाली. मी स्वतः उभी राहून सांगितलं. काकांनी म्हटलं होतं की हवं तर मी बोलतो, पण चूक ज्याची त्यानं बोलावं. म्हटलं, मी दोन कंपन्यांच्या कांड्या मिसळल्या, त्यानं आतलं बिघडलं, सगळी जबाबदारी माझी. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकलेल्यांच्या हातात दिलं की असंच." काकांनी त्याला गप्प केलं. "पोर आहे. माफ करा तिला."

मामी शेवटच्या रांगेतून उठून पुढे आल्या. आवाज चढवला नाही. "तुझ्या मशिनीला खायला माझाच माणूस सापडला?"

त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. काकांकडे पाहत होत्या.

बाबा सभेला आले नव्हते. घरी आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे सगळं तूच म्हणालीस? तुझ्या तोंडानं?" मी हो म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

२६ मार्च

जे आधी करायला हवं होतं ते आज केलं. मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम असतो. तो कांडीच्या कणाकणात काही लिहितो, परत वाचतो आणि जुळतं का बघतो. दोन्ही कांड्या एकत्र लावून चालवला. मग एकेक वेगळी लावून. दिवसभर आकडे पडद्यावरून सरकत राहिले. चुका: शून्य. शून्य. शून्य.

मग बिघडलं कशानं?

कांडीला खातं कळत नाही. सूत काय, माग काय, रंग काय, तिला सगळं सारखंच. बिघडली असती तर जे हाताला लागेल ते बिघडवलं असतं, माझे फोटो, काकांची भाषणं, सगळं.

ज्या दिवशी मी घरी होते त्या दिवशी जावई मशीनवर बसले होते. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं. आता राहू देते. कुठलं फोल्डर कुठे आहे, हे माझ्याच अक्षरात लिहून मी त्यांच्या हातात दिलं होतं.

२७ मार्च

काकांना विचारलं. वाटलं होतं चिडतील. ते चष्मा पुसत राहिले.

"तपासणीत शून्य आलं, होय?"

"हो."

"तुझ्यावर माझी माया आहे म्हणून सांगतो. सभेत तू काय बोललीस ते सगळ्यांनी ऐकलंय. आता उलटं बोलशील तर लोक म्हणतील, स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारते. तुझा भाऊ बरा आहे ना? कामावर सगळं ठीक?"

"ठीक आहे."

"मग झालं."

मी नमस्कार करून बाहेर आले. नमस्कार का केला, कळत नाही. हात आपोआप जोडले गेले.

२९ मार्च

रंगखात्यातले बाकीचे पुन्हा बोलायला तयार नाहीत. एकजण म्हणाला, एकदा छाती रिकामी केली, आता पुन्हा दम नाही. दुसऱ्याच्या सुनेनं दारच उघडलं नाही. उरले बाबा. सुनावणीत रंगखात्याचा एक आवाज असला तरी पुरे, कारण पंख्यांचं एकानं सांगितलं की समिती कागद मागवू शकते आणि त्यावरची सही आपोआप पुढे येते. हे मी त्यांच्या पायाशी बसून सांगितलं.

आई मध्येच म्हणाली, "तुझ्या भावाचा पहिला महिनासुद्धा भरला नाही."

"आई, हा बाबांच्या छातीचा प्रश्न आहे."

"तुझं शिक्षण त्याच छातीनं केलंय. आता त्याचं घर उभं राहू दे." मग डोळे पुसून म्हणाली, "मला कळत नाही असं नाही गं."

दादा दारात उभा होता. सगळं ऐकून म्हणाला, "मी सोडू का नोकरी? एकदा तोंडानं सांग. उद्या सोडतो."

मला 'सोड' म्हणता आलं नाही. आईशी वाद घालणाऱ्या मलासुद्धा नाही.

बाबांना विचारलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"मला काय कळणार? मी काय कॉम्प्युटर शिकलोय?"

२ एप्रिल

बाबा जबानी द्यायला तयार झाले! सकाळी आपणहून म्हणाले, "आण तुझं ते यंत्र." मला वाटलं, शेवटी माझे बाबा आहेत. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली. मी रेकॉर्डर काढते तोच सेक्रेटरी काका आले. बाबांनीच निरोप पाठवला होता. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, जसे नेहमी बसतात.

मी कानाला हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

"मी रंगखात्यात होतो," बाबा म्हणाले. "पंखे चालू असायचे. वाफ बाहेर जायची. कुणाची तक्रार नव्हती." मग थांबले. श्वास भरून घेतला. "माझी छाती तंबाखूनं गेली."

बाबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही. दादानं एकदा चोरून विडी ओढली तेव्हा त्याला घराबाहेर काढलं होतं.

मी बटण बंद केलं नाही. हेडफोनमध्ये माणूस फार जवळ ऐकू येतो. शब्द संपल्यावरसुद्धा त्यांचा श्वास ऐकू येत होता.

काका उठले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी खांदा काढून घेतला नाही. मला काका म्हणाले, "नीट उतरव हं."

उतरवली. फाइल उघडते. अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे.

८ एप्रिल

उद्या सुनावणी. समितीला पत्र लिहावं असं रोज ठरवते. पत्राची सुरुवात छान होते, मला लिहिता येतं. "माझ्या वडिलांनी दिलेली जबानी खोटी आहे" हे वाक्य आलं की हात थांबतो. कॉलेजात निबंधात मी लिहिलं होतं, सत्याला नातं नसतं. त्याला पहिला नंबर मिळाला होता.

९ एप्रिल

मोठा हॉल, उंच खिडक्या, समितीच्या टेबलावर हिरवं कापड. सूतखातं वाजलं, मागखातं वाजलं. मग रंगखात्यातून एकच. बाबा पहिल्या रांगेत बसून स्वतःचा आवाज ऐकत होते. शेजारी दादा, कामावरून तसाच आलेला, कंपनीच्या शर्टात. मामी कुठे बसल्या आहेत हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

अध्यक्षांनी मला उभं केलं. भला माणूस वाटला. "ध्वनिमुद्रण आपण केलंत?"

"हो."

"काही काटछाट?"

"नाही."

"आमच्यापुढे रंगखात्याचं एवढंच निवेदन आहे, म्हणून विचारतो. आपण सुशिक्षित आहात, जबाबदारी समजता. ही जबानी अस्सल आहे?"

हॉलमध्ये कुणीतरी खुर्ची सरकवली. दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, शाळेत बाई रागावल्या की बसायचा तसा. तो माझ्याकडे पाहत होता. बाबा हिरव्या कापडाकडे पाहत होते. आवाज त्यांचाच होता. शब्द त्यांचेच होते. मी एक अक्षरही कापलं नव्हतं.

"अस्सल आहे," मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं आणि आभार मानले.

जिना उतरताना बाबांना मध्येच पायरीवर बसावं लागलं. ओठ काळेनिळे पडले. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. दादानं माझ्या हातातून बाटली घेतली आणि त्यांना दिली. तेव्हा ते प्यायले.